नव्या प्रकल्पासाठी मेसेजिंग सिस्टीम निवडताना: क्यू, लॉग की साधं टेबल?

नवा प्रकल्प सुरू झाला की दुसऱ्या-तिसऱ्या मीटिंगमध्ये कुणीतरी फळ्यावर एक चौकोन काढतं आणि त्यात 'काफ्का' लिहितं. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "पुढे लोड वाढला तर?" मीही असे चौकोन काढले आहेत. त्यातला एक वेळेत पुसला आणि एक चांगलाच महागात पडला. म्हणून या लेखात मेसेजिंग सिस्टीम म्हणजे काय, तिची गरज कधी पडते, मुख्य पर्याय कोणते आणि त्यातून निवड कशी करायची, हे क्रमाने पाहू. उदाहरणासाठी मी स्वतः ज्यावर काम केलं तो प्रकल्प घेतो: दूध संकलनाचं सॉफ्टवेअर.

आधी एक खुलासा. मेसेजिंग सिस्टीम म्हटलं की अनेकांना व्हॉट्सॲपसारखं चॅट आठवतं. इथे विषय तो नाही. एका प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमला काम सोपवायचं किंवा काही घडल्याची खबर द्यायची, आणि त्यासाठी मध्ये जी व्यवस्था ठेवायची, ती म्हणजे मेसेजिंग सिस्टीम.

मूळ कल्पना काय आहे?

आमच्या प्रकल्पात गावोगावची संकलन केंद्रं होती. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते आठ शेतकरी दूध घालायला येतात. वजन होतं, फॅट आणि एसएनएफ मोजलं जातं, त्यावरून दर ठरतो आणि पावती छापली जाते. ही नोंद सर्व्हरवर आली की पुढे तीन कामं होतात: शेतकऱ्याच्या खात्यात रक्कम चढवणं, त्याला एसएमएस पाठवणं आणि टँकरचा एकूण हिशेब अद्ययावत करणं.

पहिल्या आवृत्तीत आम्ही ही तिन्ही कामं एकाच रिक्वेस्टमध्ये करत होतो. एके सकाळी एसएमएस पाठवणारी सेवा मंदावली. केंद्रावरच्या स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं, शेवटी टाइमआउट आला, आणि रांगेत माणसं उभी असल्यामुळे संस्थेच्या सचिवांनी 'पुन्हा पाठवा' दाबलं. नोंद आधीच झाली होती, ती आता दोनदा झाली. एसएमएस ही तिघांतली सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट, पण तिने सगळं काम अडवलं.

मेसेजिंगचा मूळ फायदा इथेच आहे. सर्व्हरने नोंद घ्यायची, 'नोंद झाली' असा मेसेज मध्यस्थाकडे ठेवायचा आणि केंद्राला लगेच उत्तर द्यायचं. बाकीची कामं ज्याची त्याने आपापल्या गतीने करायची. मेसेज ठेवणारा तो प्रोड्यूसर, उचलणारा तो कन्झ्युमर आणि मधला तो ब्रोकर. कन्झ्युमर काम पूर्ण झाल्यावर ब्रोकरला जे कळवतो त्याला ॲक्नॉलेजमेंट म्हणतात. आपण त्याला सरळ 'पोच' म्हणू, कारण रजिस्टर टपालाच्या पोचपावतीसारखीच ती आहे. पोच येईपर्यंत काम झालं असं धरायचं नाही.

ही कल्पना जुनी आहे. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांनी १९८० च्या दशकात 'द इन्फर्मेशन बस' नावाचं सॉफ्टवेअर उभं केलं. वॉल स्ट्रीटवरच्या ट्रेडिंग कंपन्यांना बाजारभाव एकाच वेळी अनेक प्रोग्रॅमपर्यंत पोहोचवायचे होते, त्यासाठी ते होतं. पुढे १९९७ मध्ये त्यातूनच टिब्को ही कंपनी निघाली. आयबीएमचं एमक्यूसिरीज १९९३ मध्ये आलं. म्हणजे आज आपण ज्या प्रश्नांवर चर्चा करतो ते बँका आणि शेअर बाजारांनी तीस वर्षांपूर्वीच सोडवायला घेतले होते.

खरंच गरज आहे का?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा, कारण ब्रोकर आला की सांभाळायला आणखी एक यंत्रणा येते. त्याचा बॅकअप, त्याच्या आवृत्त्या, त्याची डिस्क भरणं, रात्री तो पडला तर फोन कुणी उचलायचा, हे सगळं सोबत येतं.

खालीलपैकी एखादी गोष्ट खरी असेल तर मेसेजिंगचा विचार करा:

- एखादं काम वेळखाऊ आहे किंवा बाहेरच्या सेवेवर अवलंबून आहे, आणि वापरणाऱ्याने त्यासाठी थांबण्याची गरज नाही.
- काम लाटेने येतं. सकाळी दोन तास तुफान गर्दी, मग दिवसभर शांतता.
- एकाच घटनेवर तीन-चार वेगवेगळ्या प्रोग्रॅमना आपापलं काम करायचं आहे.
- कन्झ्युमर काही वेळ बंद असला तरी काम हरवता कामा नये.

उलट, 'या शेतकऱ्याची शिल्लक किती?' असं विचारून उत्तराची वाट पाहायची असेल तर साधी एपीआय कॉल पुरेशी आहे. तिथे क्यू घातली तर फक्त गुंता वाढतो.

क्यू आणि लॉग: दोन वेगळी घराणी

बाजारात नावं डझनभर असली तरी आतली रचना मुख्यतः दोन प्रकारची असते. हा फरक कळला की अर्धी निवड झाली.

पहिला प्रकार क्यूचा. इथे मेसेज म्हणजे एक काम. कुणीतरी ते उचलतो, पूर्ण करतो, पोच देतो आणि मेसेज क्यूमधून जातो. काम वाढलं तर कन्झ्युमर वाढवा, ते आपसात कामं वाटून घेतात. रॅबिटएमक्यू आणि ॲमेझॉन एसक्यूएस या घराण्यातले.

दुसरा प्रकार लॉगचा. इथे मेसेज म्हणजे रोजमेळातली ओळ. ओळी एकाखाली एक लिहिल्या जातात आणि वाचल्या म्हणून खोडल्या जात नाहीत. प्रत्येक वाचणारा आपण कुठपर्यंत वाचलं त्याची खूण ठेवतो. या खुणेला ऑफसेट म्हणतात. उद्या नवा वाचक आला तर तो पहिल्या पानापासून वाचू शकतो. हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये चूक सापडली, तर ती दुरुस्त करून मागच्या पाच दिवसांचं पुन्हा वाचता येतं. काफ्का या घराण्यातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव.

स्वतःला विचारायचा प्रश्न सोपा आहे: तुमचा मेसेज 'हे काम कर' असं सांगतो की 'असं घडलं' असं सांगतो? काम सोपवायचं असेल तर क्यू. घटनांचा इतिहास हवा असेल आणि अनेकांना तो आपापल्या सोयीने वाचायचा असेल तर लॉग.

हरवणं, दोनदा येणं आणि क्रम

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. माहितीपत्रकात वेगाचे आकडे मोठ्या अक्षरात असतात, पण त्रास होतो तो या तीन गोष्टींनी.

*फार तर एकदा:* मेसेज पाठवला आणि विसरला. पोहोचला तर पोहोचला. थेट आकडे दाखवणाऱ्या डॅशबोर्डला हे चालतं, पैशाला चालत नाही.

*निदान एकदा:* पोच येईपर्यंत मेसेज पुन्हा पुन्हा दिला जातो. हरवत नाही, पण दोनदा येऊ शकतो. कन्झ्युमरने काम केलं, आणि पोच द्यायच्या आतच तो बंद पडला, तर ब्रोकरला ते कसं कळणार? तो मेसेज दुसऱ्याला देणारच.

*नेमकं एकदा:* हे सगळ्यांना हवं असतं. काफ्कामध्ये २०१७ च्या ०.११ आवृत्तीपासून ट्रान्झॅक्शनच्या रूपाने ते मिळतं, पण काफ्कातून वाचून काफ्कामध्येच लिहिण्यापुरतं. मध्ये एसएमएस किंवा बँकेची एपीआय आली की ती हमी तिथे संपते. म्हणून व्यवहारात 'निदान एकदा' घ्यायचं आणि काम दोनदा झालं तरी परिणाम एकदाच होईल अशी सोय आपल्या कोडमध्ये करायची, हाच रस्ता उरतो. अशा कोडला आयडेम्पोटंट म्हणतात.

तिसरी गोष्ट क्रमाची. आमच्याकडे आधी नोंद आणि मग तिची दुरुस्ती असे दोन मेसेज यायचे. दुरुस्ती आधी पोहोचली तर काय दुरुस्त करायचं? पण नीट पाहिलं तर आम्हाला सगळ्या जगाचा क्रम नको होता, फक्त एका शेतकऱ्याच्या नोंदींचा आपसातला क्रम हवा होता. बहुतेक प्रकल्पांत असंच असतं. संपूर्ण क्रम मागितला की एकाच वेळी अनेक कन्झ्युमर चालवता येत नाहीत आणि वेग पडतो. म्हणून 'कोणाच्या बाबतीत क्रम हवा' हे आधी ठरवा.

पर्याय एकेक करून

पोस्टग्रेसमधलं टेबल. तुमच्याकडे पोस्टग्रेस डेटाबेस असेलच, तर पहिला पर्याय तोच. कामांचं एक टेबल करायचं आणि कन्झ्युमरने 'सिलेक्ट फॉर अपडेट स्किप लॉक्ड' वापरून त्यातली ओळ उचलायची. स्किप लॉक्ड ही सोय २०१६ च्या जानेवारीत आलेल्या ९.५ आवृत्तीपासून आहे. एका कन्झ्युमरने ओळ धरली असेल तर दुसरा तिथे थांबत नाही, ती सोडून पुढची घेतो. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे मूळ नोंद आणि तिच्यामुळे निघणारं काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिता येतं: दोन्ही होतील किंवा दोन्ही होणार नाहीत. तोटा असा की ओळी सतत बदलत-खोडत राहिल्याने व्हॅक्यूमकडे लक्ष ठेवावं लागतं. एसएमएससारखं संथ काम चालू असताना ट्रान्झॅक्शन उघडी ठेवू नका. ओळीवर 'घेतलं' अशी खूण आणि वेळ लिहून ट्रान्झॅक्शन बंद करा, मग काम करा, आणि ठरावीक वेळेत पूर्ण न झालेली ओळ पुन्हा मोकळी करा. पोस्टग्रेसमध्ये लिसन-नोटिफाय हीदेखील सोय आहे, पण तिचा उपयोग 'नवं काम आलंय, उठ' एवढं सांगायला करा. त्यात माहिती भरू नका. एका सूचनेत ८,००० बाइटपेक्षा कमीच मजकूर बसतो, आणि ऐकणारा जागेवर नसेल तर त्याच्यासाठी सूचना राखून ठेवली जात नाही.

रेडिस. कॅशसाठी बहुतेकांकडे असतंच, म्हणून मोह होतो. इथे एक फरक नीट लक्षात ठेवा. रेडिसचं पब-सब हे रेडिओसारखं आहे: त्या क्षणी जो ऐकतोय त्यालाच ऐकू येतं. २०१८ च्या ५.० आवृत्तीत आलेले रेडिस स्ट्रीम्स मात्र मेसेज जपून ठेवतात, त्यात कन्झ्युमर ग्रुप आणि पोच दोन्ही आहे. तरीही रेडिस मुळात मेमरीत राहतं. डिस्कवर कधी आणि किती वेळाने लिहायचं ही सेटिंग तुम्ही वाचली नसेल, तर पैशाचे मेसेज त्यात ठेवू नका.

रॅबिटएमक्यू. २००७ मध्ये आलेला, एर्लांग भाषेत लिहिलेला हा ब्रोकर क्यू घराण्यातला भरवशाचा गडी आहे. मेसेज थेट क्यूमध्ये न जाता आधी एक्स्चेंजकडे जातो, आणि कुठला मेसेज कुठल्या क्यूमध्ये जाईल ते तिथले नियम ठरवतात. एकाच नोंदीची प्रत खात्याच्या, एसएमएसच्या आणि टँकरच्या क्यूमध्ये टाकणं त्यात अगदी सोपं आहे. अपयशी मेसेज बाजूला काढणं, काही काम आधी करणं या सोयीही आहेत. पण 'मेसेज हरवत नाही' हे आपोआप होत नाही. क्यू टिकाऊ हवी, मेसेज टिकाऊ म्हणून पाठवलेला हवा, प्रोड्यूसरने ब्रोकरची खात्री मागितलेली हवी आणि कन्झ्युमरने काम झाल्यावर स्वतः पोच द्यायला हवी. यातलं एकही सुटलं तर भोक राहतं. एकापेक्षा जास्त सर्व्हरवर चालवायचं असेल तर कोरम क्यू वापरा. जुन्या पद्धतीच्या मिरर्ड क्यू २०२४ च्या ४.० आवृत्तीत काढून टाकल्या आहेत, त्यामुळे त्या शिकवणारे जुने लेख वाचून सुरुवात करू नका.

काफ्का. लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी हे बनवलं आणि २०११ मध्ये ते मुक्त स्रोत झालं. नेहा नारखेडे पुण्यात वाढल्या आणि तिथल्या पीआयसीटी कॉलेजात शिकल्या, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना सांगायला मला आवडतं. काफ्काचा टॉपिक पार्टिशनमध्ये विभागलेला असतो आणि क्रमाची हमी एका पार्टिशनपुरती असते. शेतकऱ्याचा क्रमांक की म्हणून दिला तर त्याच्या सगळ्या नोंदी एकाच पार्टिशनमध्ये क्रमाने जातात. मेसेज मूळ सेटिंगनुसार सात दिवस राहतात, हवे तर जास्तही ठेवता येतात. प्रचंड प्रमाण, अनेक स्वतंत्र वाचक आणि मागचं पुन्हा वाचण्याची गरज असेल तर काफ्काला तोड नाही.

पण त्याचे नियमही आहेत. एका ग्रुपमध्ये पार्टिशनपेक्षा जास्त कन्झ्युमर लावले तर उरलेले नुसते बसून राहतात. एक मेसेज अडकला तर त्या पार्टिशनमधले मागचे सगळे थांबतात. पार्टिशन नंतर वाढवले तर कुठली की कुठे जाते ते बदलतं आणि क्रमाचं गणित विस्कटतं. भरवशासाठी निदान तीन ब्रोकर हवेत. पूर्वी झूकीपर नावाची वेगळी यंत्रणाही सांभाळावी लागायची. २०२५ च्या ४.० आवृत्तीपासून ती गेली, त्यामुळे ओझं थोडं हलकं झालंय. संपलं मात्र नाही.

ॲमेझॉन एसक्यूएस. तुमचं सगळं एडब्ल्यूएसवर असेल आणि सर्व्हर सांभाळायला माणूस नसेल, तर हा पर्याय पहिल्या दोनात ठेवा. बसवायचं काही नाही, वापराल तेवढे पैसे. साध्या क्यूमध्ये क्रमाची हमी नसते आणि मेसेज क्वचित दोनदा येतो. फिफो क्यूमध्ये गटापुरता क्रम मिळतो. मेसेज मूळ सेटिंगनुसार चार दिवस आणि जास्तीत जास्त १४ दिवस राहतो. नवशिक्यांचा पाय घसरतो तो व्हिजिबिलिटी टाइमआउटवर. कन्झ्युमरने मेसेज उचलला की तो इतरांपासून ३० सेकंद लपवला जातो. काम ४० सेकंदांचं असेल तर ३१ व्या सेकंदाला तोच मेसेज दुसरा कन्झ्युमर उचलू शकतो. हा काळ १२ तासांपर्यंत वाढवता येतो, पण तो वाढवायचा आहे हे आठवायला हवं. शिवाय रिकाम्या क्यूला सारखं विचारत राहिलं तरी बिल चढतं, म्हणून २० सेकंदांपर्यंत वाट पाहणारं लाँग पोलिंग चालू ठेवा.

एमक्यूटीटी. हा वेगळ्या कामाचा प्रोटोकॉल आहे. १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवरची उपकरणं उपग्रहाच्या महागड्या, अरुंद जोडणीतून बोलावीत म्हणून तो बनवला गेला. त्याचा ठरावीक हेडर अवघ्या दोन बाइटपासून सुरू होतो. वजनकाटा, सेन्सर, शेतातला पंप अशी उपकरणं आणि तुटक नेटवर्क असेल तर एमक्यूटीटी घ्या. पण उपकरणाकडून सर्व्हरपर्यंत येण्यासाठी घ्या. सर्व्हरच्या आतली कामं वाटण्यासाठी मागे एक क्यू किंवा लॉग बहुधा लागतोच.

नॅट्स. आकाराने लहान, वेगवान आणि चालवायला सोपं. मूळ नॅट्स 'फार तर एकदा' याच तत्त्वावर चालतं. मेसेज टिकवायचे असतील तर त्यातलं जेटस्ट्रीम चालू करावं लागतं. छोट्या टीमने काफ्काचा विचार करण्याआधी हे एकदा चालवून पाहावं.

आमचं काय झालं

दुहेरी नोंदींचा घोळ झाल्यावर आम्ही घाईने रेडिसचं पब-सब लावलं. सर्व्हर मूळ नोंद टेबलात ठेवायचा, मेसेज पाठवायचा, आणि मागचा कन्झ्युमर खात्यात रक्कम चढवून एसएमएस टाकायचा. चाचणीत सगळं छान चाललं. एका सकाळी सव्वासातला मी कन्झ्युमरची नवी आवृत्ती चढवली. तो दीड मिनिट बंद होता. त्या दीड मिनिटात पाठवलेले मेसेज ऐकायला कुणीच नव्हतं. कुठेही एरर दिसला नाही, कारण रेडिसच्या दृष्टीने काही चुकलंच नव्हतं.

कळलं ते दहा दिवसांनी, बिलं निघाल्यावर. एक शेतकरी पावत्यांचा गठ्ठा घेऊन केंद्रावर आला. दहा दिवसांच्या सकाळ-संध्याकाळ मिळून २० पावत्या, आणि बिलात १९. रक्कम सहा लिटर दुधाची. पण गावात चर्चा सॉफ्टवेअरची झाली नाही, सचिवांची झाली. "दूध घेतलं आणि बिलात धरलं नाही," एवढंच लोकांना दिसत होतं. ज्यांनी २० वर्षं हिशेब चोख ठेवला त्यांच्यावर माझ्या दीड मिनिटामुळे बोट उठलं. मूळ नोंदी टेबलात होत्या म्हणून शोधता आलं. अशा ७१ नोंदी निघाल्या. रक्कम पुढच्या बिलात दिली, आणि सचिवांच्या सांगण्यावरून मी केंद्रावर जाऊन चूक आमची होती हे सगळ्यांसमोर सांगितलं.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये फळ्यावर पुन्हा काफ्काचा चौकोन आला. या वेळी आम्ही आधी गणित केलं. ६० केंद्रं, प्रत्येकी साधारण १०० शेतकरी, म्हणजे एका वेळेला ६,००० नोंदी. दोन तास म्हणजे ७,२०० सेकंद. सरासरी सेकंदाला एक नोंदसुद्धा नाही! गर्दीच्या क्षणी दहापट धरलं तरी सेकंदाला आठ-दहा. पोस्टग्रेसच्या टेबलाला हे काहीच नाही. टीम तीन माणसांची, त्यात काफ्का चालवलेला एकही नाही. चौकोन पुसला आणि टेबल केलं. नोंद आणि तिची कामं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. त्यानंतर कन्झ्युमर कितीदा बंद पडला असेल, काम नुसतं टेबलात वाट पाहत राहतं.

निवडण्याआधी विचारायचे सात प्रश्न

१. गर्दीच्या वेळी सेकंदाला किती मेसेज येतील? अंदाजाने बोलू नका, कागदावर भागाकार करा.

२. एक मेसेज हरवला तर कुणाचं काय नुकसान होईल? आणि तो दोनदा आला तर?

३. क्रम हवा का? हवा असेल तर कोणापुरता?

४. एक मेसेज किती जण वाचणार आहेत, आणि मागचं पुन्हा वाचायची वेळ येईल का?

५. कन्झ्युमर किती वेळ बंद राहिला तर चालेल? तेवढा वेळ मेसेज साठायला जागा आहे का?

६. रात्री दोनला ब्रोकर पडला तर उठणारा माणूस कोण, आणि त्याला ती यंत्रणा येते का?

७. आपल्याकडे आधीच असलेल्या गोष्टींत हे काम होतं का?

उत्तरांवरून साधारण असं ठरतं. प्रमाण कमी, टीम लहान आणि पोस्टग्रेस आधीच असेल, तर टेबल. कामं वाटायची आहेत, मेसेज वेगवेगळ्या वाटांनी पाठवायचे आहेत आणि सर्व्हर सांभाळता येतो, तर रॅबिटएमक्यू. एडब्ल्यूएसवर आहात आणि सांभाळायला कुणी नाही, तर एसक्यूएस. घटनांचा मोठा प्रवाह, अनेक वाचक आणि इतिहास हवा, तर काफ्का. दुसऱ्या टोकाला उपकरणं असतील, तर पुढे एमक्यूटीटी. थेट दिसणारे पण हरवले तरी चालतील असे आकडे असतील, तर रेडिसचं पब-सब.

कुठलीही घेतली तरी एवढं कराच

प्रत्येक मेसेजला जिथे घटना घडली तिथेच क्रमांक द्या. आमच्याकडे तो आता केंद्रावरच तयार होतो. सचिवांनी 'पुन्हा पाठवा' पाच वेळा दाबलं तरी क्रमांक तोच राहतो, आणि टेबलातली युनिक अट दुसरी नोंद होऊच देत नाही. खात्यात रक्कम चढवतानाही हाच क्रमांक तपासला जातो.

डेटाबेसमध्ये लिहिणं आणि ब्रोकरला पाठवणं ही दोन कामं एकापाठोपाठ करू नका. मध्येच सर्व्हर बंद पडला तर एक होतं आणि एक राहतं. आधी मेसेज त्याच डेटाबेसमधल्या आउटबॉक्स टेबलात, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. एक वेगळा प्रोग्रॅम तिथून वाचून ब्रोकरकडे पाठवेल.

पुन्हा पुन्हा अपयशी होणाऱ्या मेसेजसाठी डेड लेटर क्यू ठेवा, म्हणजे एका खराब मेसेजने बाकीचे अडणार नाहीत. आणि ती क्यू रोज कुणीतरी उघडून बघेल असं नावानिशी ठरवा. न बघितलेली डेड लेटर क्यू म्हणजे मेसेज हरवण्याचीच जरा व्यवस्थित पद्धत.

पुन्हा प्रयत्न करताना प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ वाढवा. समोरची सेवा आधीच आडवी असताना सगळ्यांनी एकदम दार ठोठावलं तर ती उठत नाही.

मेसेजमध्ये फोटो, पीडीएफ असं काही भरू नका. ते वेगळीकडे ठेवा आणि मेसेजमध्ये फक्त पत्ता द्या. मेसेजच्या रचनेला आवृत्ती क्रमांक द्या, कारण कोड बदलला तरी जुने मेसेज रांगेत असतातच.

दोन आकड्यांवर लक्ष ठेवा: किती मेसेज थांबलेत आणि सगळ्यात जुना किती वेळ थांबलाय. दुसरा जास्त बोलका आहे. आणि शेवटी एक ताळा ठेवा. आमच्याकडे रोज रात्री केंद्रावरच्या पावत्या आणि खात्यातल्या नोंदी मोजून जुळवल्या जातात. फरक एकाचा जरी असला तरी सकाळी दूध यायच्या आत आम्हाला कळतं. हा ताळा पहिल्या दिवसापासून असता, तर त्या शेतकऱ्याला पावत्यांचा गठ्ठा घेऊन यावंच लागलं नसतं.

मेसेजिंग सिस्टीम पुढे बदलता येते. आमचीही कदाचित बदलेल, केंद्रं वाढली तर रॅबिटएमक्यूकडे जाण्याची तयारी ठेवली आहे. त्यासाठी मेसेज पाठवणारा आणि उचलणारा कोड एका छोट्या मॉड्यूलमागे ठेवलाय, म्हणजे बदल तेवढ्यापुरता राहील. तेव्हा पहिल्याच दिवशी शेवटची निवड करायचा ताण घेऊ नका. तुमचा सगळ्यात महत्त्वाचा मेसेज कोणता, आणि तो हरवला तर दारात कोण उभं राहील, एवढं मात्र पहिल्या दिवशी लिहून काढा.